मॉडेलच्या खोक्यावर साल छापा

वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेलं जमवणाऱ्यांच्या जगात एक शेलकी शिवी आहे. 'रिव्हेट मोजणारा'. ती इंग्लंडमधून आली आणि आपल्याकडच्या मोजक्या छंदिष्टांनीही आनंदानं उचलली. तुम्ही एखाद्याला घरी बोलावता, काचेच्या कपाटातून जपून इंजिन काढता, त्याच्या हातात देता. आणि हा गडी चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत सांगतो, "टेंडरच्या कडेला रिव्हेटची एक ओळ जास्त आहे." झालं, सगळा विरस. असा पाहुणा पुन्हा बोलवावासा वाटत नाही.

मला मात्र हा माणूस मनापासून आवडतो. इथे मी त्याची वकिली करणार आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार असलीच तर ती उलट्या बाजूची आहे. तो पुरेसा खडूस नाही. रिव्हेट मोजतो, पण त्याआधी विचारायचा प्रश्न विसरतो. हे इंजिन कोणत्या सालचं?

प्रश्न बाळबोध वाटतो. खोक्यावर नाव असतं, क्रमांक असतो, बांधणीचं वर्ष असतं, मग आणखी काय हवं? पण वाफेचं इंजिन म्हणजे एकदा ओतून कायमची तयार झालेली मूर्ती नव्हे. तीस-चाळीस वर्षांच्या नोकरीत ते दर काही वर्षांनी मोठ्या दुरुस्तीसाठी कारखान्यात जायचं आणि बाहेर येताना पुष्कळदा त्याच्या अंगावर दुसऱ्याच भावंडाचा बॉयलर असायचा. धुराडं बदलायचं, टेंडर बदलायचं, रंग आणि क्रमांक बदलायचा, कधी ड्रायव्हरची बसायची बाजूसुद्धा बदलायची. म्हणून 'अमुक इंजिनाचं हुबेहूब मॉडेल' या शब्दांना एकट्यानं काही अर्थ नाही. अमुक इंजिनाचं, तमुक वर्षीचं, असं म्हटलं तरच ते वाक्य तपासता येतं. आणि जे तपासता येत नाही त्याला हुबेहूब म्हणणं ही निव्वळ जाहिरात झाली.

जगातलं सर्वात प्रसिद्ध इंजिन घ्या. फ्लाइंग स्कॉट्समन. फेब्रुवारी 1923 मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून ते बाहेर पडलं तेव्हा त्याला हे नावही नव्हतं. क्रमांक होता 1472. पुढच्या वर्षी वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनासाठी त्याला नाव मिळालं आणि 4472 हा क्रमांक मिळाला. 1 मे 1928 ला त्यानं लंडन ते एडिनबरा 392 मैलांची गाडी मधे कुठेही न थांबता नेली. आठ तास एकच माणूस भट्टी सांभाळू शकत नाही, म्हणून टेंडरमधून आत-बाहेर जाण्यासाठी चिंचोळी वाट काढलेली होती. ड्रायव्हर-फायरमनची दुसरी जोडी पहिल्या डब्यातून त्या वाटेनं इंजिनात यायची. 30 नोव्हेंबर 1934 ला याच इंजिनानं ताशी 100 मैलांचा वेग गाठला. एखाद्या वाफेच्या इंजिनाचा रीतसर नोंदला गेलेला तसा हा पहिलाच वेग.

त्या दिवशी ते इंजिन 'ए1' वर्गाचं होतं. बॉयलरचा दाब चौरस इंचाला 180 पौंड. वरचा घुमट गोल. ड्रायव्हर उजव्या हाताला बसायचा. ए1 चं 'ए3' झालं जानेवारी 1947 मध्ये. म्हणजे नवा, 220 पौंड दाबाचा बॉयलर आला आणि धुरपेटीच्या दोन्ही अंगांना लांबट उंचवटे आले, कारण आतला सुपरहीटर आता तिथे मावत नव्हता. पण तोवर, 1946 मध्येच, सगळ्या इंजिनांना नवे क्रमांक दिले गेले होते आणि 4472 जाऊन 103 आला होता. स्वातंत्र्योत्तर काळात, म्हणजे आपल्या स्वातंत्र्योत्तर काळात, तिकडे रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तो 60103 झाला. ड्रायव्हरची जागा 1954 मध्ये उजवीकडून डावीकडे गेली. पुढे जोड-धुराडं बसलं, 1961 मध्ये धूर वर ढकलणारे पत्रे दोन्ही बाजूंना आले आणि जानेवारी 1963 मध्ये इंजिन निवृत्त झालं.

आता वर पुन्हा एकदा बघा. 4472 हा क्रमांक आणि ए3 चा बॉयलर, या दोन गोष्टी कंपनीच्या सेवेत असताना त्या इंजिनावर एकत्र कधीच नव्हत्या. एक दिवससुद्धा नाही. त्या एकत्र आल्या 1963 नंतर, ॲलन पेग्लर नावाच्या गृहस्थांनी ते भंगारातून वाचवलं तेव्हा. त्यांना ते आपल्या आठवणीतल्या रूपात हवं होतं. म्हणून पत्रे काढले, एकेरी धुराडं लावलं, सफरचंदी हिरवा रंग दिला आणि 4472 पुन्हा रंगवला. बॉयलर मात्र ए3 चाच राहिला, ड्रायव्हर डावीकडेच राहिला. पेग्लर यांच्याशी माझं काही भांडण नाही. त्यांनी इंजिन वाचवलं, स्वतःच्या पैशांनी चालवलं, पुढे त्यापायी ते कफल्लकही झाले. त्यांचं इंजिन, त्यांचा रंग.

भांडण आहे ते त्यानंतरच्या मॉडेलांशी. 4472 क्रमांक, सफरचंदी रंग आणि ए3 चा बॉयलर अशी मॉडेलं गेली कित्येक दशकं विकली जात आहेत. ती घेणारा शंभरातला नव्वद माणूस समजतो की आपल्या कपाटात 1934 चं विक्रमी इंजिन आहे. त्याच्या कपाटात असतं 1963 नंतरचं एक नॉस्टॅल्जिक इंजिन, जे सहलीच्या गाड्या ओढायचं. गंमत म्हणजे याच इंजिनाच्या मागे दोन टेंडर जोडलेलं मॉडेल मिळतं, त्याला जुने जाणकार नाकं मुरडतात. वाफेचे दिवस संपल्यावर वाटेत पाणी मिळेना म्हणून 1966 मध्ये पेग्लरनी पाण्यासाठी दुसरं टेंडर जोडलं होतं. विचित्र दिसतं खरं. पण ते दोन टेंडरवालं मॉडेल जास्त इमानदार आहे. त्याच्याकडे पाहून कुणीही 1934 म्हणणार नाही.

इथे एक ठरलेला आक्षेप येतो: 'अहो, खेळणंच आहे ते.'

खेळण्याशी मला काहीच वैर नाही. 1920 च्या दशकाच्या अखेरीस हॉर्नबी कंपनीनं पत्र्याची मोठ्या आकाराची 'नंबर 3' इंजिनं काढली. फ्लाइंग स्कॉट्समन, रॉयल स्कॉट, लॉर्ड नेल्सन, केअरफिली कासल, चार वेगवेगळ्या कंपन्यांची चार प्रसिद्ध नावं. अंग मात्र चौघांचं एकच. पुढे चार लहान चाकं, मधे चार मोठी, मागे दोन लहान. खऱ्या चौघांना प्रत्येकी सहा मोठी चाकं होती, म्हणजे ते अंग चारांपैकी एकाचंही नव्हतं. एकच सदरा, चार रंगांत. तरी मी त्याला खोटं म्हणणार नाही. किल्ली फिरवून गालिच्यावर इंजिन पळवणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला आपण काय विकत घेतोय ते पक्कं ठाऊक होतं, आणि कंपनीलाही. पण आज एका चांगल्या ब्रिटिश मॉडेलला दोनशे पौंडांच्या घरात पैसे पडतात. आपल्या वीस हजारांवर. ते घेणारा पन्नाशीचा माणूस त्याला हात लावू देत नाही, पोराला तर नाहीच. जाहिरातीत शब्द असतो 'अचूक'. किंमत अचूकपणाची लावायची आणि चूक दाखवली की खेळणं म्हणायचं, हा दुहेरी हिशोब मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. लहान आकारात सगळं अचूक करताच येत नाही, तडजोड लागतेच, असं म्हणतात. बरोबर आहे. इंग्लंडातली सर्वात लोकप्रिय 'ओओ' मॉडेलं तर पायापासूनच तडजोड आहेत. त्यांचं प्रमाण फुटाला 4 मिलिमीटर, म्हणजे 1:76.2. खऱ्या रुळांमधलं अंतर 1435 मिमी. या प्रमाणात ते 18.83 मिमी व्हायला हवं. पण ओओचे रूळ 16.5 मिमीचे असतात. ते युरोपातल्या फुटाला साडेतीन मिमीच्या प्रमाणातून आले. ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगानं बारीक, त्यात तेव्हाच्या जाडजूड मोटरी मावेनात, म्हणून अंग मोठ्या प्रमाणात केलं आणि रूळ तेच ठेवले. परिणामी प्रत्येक ओओ इंजिन जणू 4 फूट दीड इंचाच्या रुळांवर उभं आहे. समोरून पाहिलं की पाय जुळवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखं दिसतं.

ही चूक मोठी आहे, सात इंचांची आहे, आणि तरीही ती मला खुपत नाही. कारण ती उघड आहे. प्रत्येकाला माहीत आहे, पुस्तकांत छापलेली आहे, आणि ज्यांना सहन झाली नाही त्यांनी 18.2 आणि 18.83 मिमीचे रूळ स्वतः हातानं घातले, चाकं बदलली, आयुष्याच्या संध्याकाळी त्यातच घालवल्या. तीच गोष्ट वळणांची. घरातल्या टेबलावर मावणारं नेहमीचं वळण 438 मिमी त्रिज्येचं असतं. प्रत्यक्षात ते 33 मीटर होतं. अशा वळणावर खरं एक्स्प्रेस इंजिन रूळ सोडून शेतात गेलं असतं. म्हणून मॉडेलच्या चाकांत जास्तीची फट ठेवतात, मागच्या चाकांची कड काढून टाकतात. दिवाणखाना लहान आहे, त्याला कोण काय करणार?

तडजोडीचे काही प्रकार तर पोट धरून हसण्यासारखे आहेत. 1970-80 च्या दशकांत कित्येक मॉडेलांत मोटर इंजिनात न ठेवता टेंडरमध्ये ठेवलेली असायची. म्हणजे कोळशाची गाडी मागून ढकलायची आणि ऐटबाज इंजिन पुढे घरंगळायचं. आणि 2003 मध्ये हॉर्नबीनं ओओ आकारात खऱ्या वाफेवर चालणारं 'मॅलार्ड' आणलं तेव्हा तर कमाल झाली. वाफ खरी, पिस्टन खरे. पण पाणी तापायचं रुळांतून येणाऱ्या विजेवर, आणि बॉयलर बसवला होता टेंडरमध्ये. जिथे कोळसा असतो तिथे बॉयलर, आणि जिथे बॉयलर असतो तिथे जवळजवळ रिकामी जागा.

तरीही त्या मॅलार्डबद्दल मला आदर आहे. कारण अचूकपणा दोन तऱ्हांचा असतो, दिसण्याचा आणि चालण्याचा. 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये यावरून जंगी वाद पेटला होता, 'बॉयलरांची लढाई' म्हणून तो ओळखला जातो. 'एलबीएससी' या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका कारागिराचं म्हणणं होतं की लहान इंजिनालाही मोठ्यासारखीच भट्टी द्या, कोळसा द्या, ते माणसाला ओढून नेईल. प्रस्थापितांना ते पटत नव्हतं, लहान इंजिनांना स्पिरिटचा दिवाच बरा असं त्यांचं मत. एलबीएससीनं अडीच इंची रुळांवरचं आपलं इंजिन कोळशावर चालवून, माणसं ओढून दाखवलं. इंजिनाचं नाव काय असावं? 'आयेशा'. नाव वाचून मी जरा थबकलो, खोटं कशाला बोलू. तर या आयेशाची वळणं, बोल्ट, नक्षी मोजत बसलात तर ती खऱ्या इंजिनापुढे ढोबळ दिसेल. पण तिच्या पोटात जे घडत होतं ते खरं होतं. पाण्याचा रेणू प्रमाणात लहान करता येत नाही, आग लहान केली की ती वेगळं वागते. हे जाणून केलेली तडजोड मी तडजोडही म्हणणार नाही, त्याला समज म्हणतात.

म्हणजे माझी रेघ कुठे आहे ते लक्षात आलं असेल. जागा, पैसा, भौतिकशास्त्र यांच्यापुढे वाकून केलेला बदल चालेल, सांगून करा. पण काळाची सरमिसळ करायला कुठलीच मजबुरी नसते. गोल घुमट करायला लांबट घुमटाइतकंच प्लास्टिक लागतं. सरमिसळ होते ती आळसानं, किंवा गिऱ्हाइकाला जे आठवतं तेच विकायचं म्हणून.

आणि हल्ली या आळसाला विज्ञानाचा मुलामा मिळाला आहे. उत्पादक सांगतात, आम्ही संग्रहालयातल्या मूळ इंजिनाचं लेझरनं मोजमाप घेतलं. ऐकणारा गार होतो. पण लेझर मोजतं ते आज तिथे जे उभं आहे ते. लेझरला इतिहास कळत नाही.

स्टीफन्सनचं 'रॉकेट' पाहा. ऑक्टोबर 1829 च्या रेनहिलच्या चाचण्या जिंकणारं. तेव्हा ते पिवळ्या रंगाचं होतं, धुराडं पांढरं, आणि सिलिंडर मागच्या बाजूला उंच, तिरके लावलेले. तिरक्या सिलिंडरांमुळे धावताना ते हिसके खायचं. थोड्याच काळात ते सिलिंडर खाली आणून जवळजवळ आडवे केले गेले, पुढे धुरपेटी आली. जे खरं रॉकेट आज जपून ठेवलेलं आहे ते या नंतरच्या रूपातलं आहे, काळवंडलेलं, मूळची भट्टीपेटी हरवलेलं. त्याचं हुबेहूब माप घेऊन पिवळा रंग मारलात तर तुमच्या हातात जे येईल ते कुठल्याच दिवशी अस्तित्वात नव्हतं. मग लोक जातात 1979 मध्ये बांधलेल्या चालत्या प्रतिकृतीकडे. तिचं धुराडं मुद्दाम आखूड ठेवलेलं आहे, रेनहिलच्या पुलाखालून आताच्या रुळांवरून जाता यावं म्हणून. ते आखूड धुराडं मोजून 1829 चं मॉडेल करणारा माणूस प्रतिकृतीची प्रतिकृती करतोय. खऱ्या रॉकेटचा एकेक भाग सोडवून, झीज आणि भोकं तपासून, काय कधी बदललं याचा छडा लावण्याचं काम दोन संशोधकांनी 1999 च्या सुमारास केलं आणि त्याचं पुस्तकही निघालं. म्हणजे उत्तर उपलब्ध आहे. वाचायचे कष्ट घ्यावे लागतात, इतकंच.

मॅलार्डच्या बाबतीत तर एका पाटीनं फरक पडतो. 3 जुलै 1938 ला त्यानं ताशी 126 मैलांचा विक्रम केला, वाफेच्या इंजिनाचा तो आजही अबाधित आहे. आज त्याच्या अंगावर विक्रमाची पाटी दिसते. ती पाटी बसली 1948 मध्ये. मग 'विक्रमाच्या दिवशीचं मॅलार्ड' म्हणून विकलेल्या मॉडेलवर ती पाटी कशी? विक्रम करायला निघालेलं इंजिन विक्रमाचं प्रमाणपत्र आधीच छातीवर लावून निघालं होतं का? युद्धात काढून टाकलेली चाकांवरची झाकणंही त्याला निवृत्तीनंतर पुन्हा चढवली. असं एकेक पाहत गेलं की कळतं, जपलेलं इंजिन हा चांगला साक्षीदार आहे, पण त्याची उलटतपासणी करावी लागते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, हे सगळं विलायतेचं, आपलं काय? आपलंही आहे, आणि आपली अवस्था जास्त वाईट आहे.

काही वर्षांपूर्वी एका छंद-प्रदर्शनात मी एक देखणं मॉडेल पाहिलं. नावं सांगत नाही. डोंगर, बोगदा, माकडं, लाल मातीसुद्धा खरी आणलेली. पाटीवर लिहिलं होतं 'माथेरानची गाडी, 1907'. आणि त्या लाल मातीतून चढत होतं चार चाकांचं, पाठीवर पाण्याची टाकी घेतलेलं निळं इंजिन. हे दार्जिलिंगचं बी वर्गाचं इंजिन. जवळच्या स्वयंसेवकाला मी हे सांगितलं. तो हसून म्हणाला, "सर, लोकांना झुकझुक गाडी दिसली की पुरे. दोन चाकं कमी-जास्त, कोण बघतंय?"

कोण बघतंय याचं उत्तर सोपं आहे, मी बघत होतो. दोन चाकांनी काय बिघडतं याचं उत्तर मात्र जरा लांब आहे. नेरळ ते माथेरान सुमारे 21 किलोमीटरची ही दोन फुटी रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी उभारली. 1904 मध्ये काम सुरू झालं, 1907 मध्ये गाडी धावली. डोंगर असा की वळणं अंगावर येतात. ताकद हवी तर जास्त चाकांचं इंजिन हवं, आणि जास्त चाकांचं ताठ इंजिन त्या वळणांत अडकणार. जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीकडून आलेल्या चार इंजिनांत या पेचाचं उत्तर होतं. सहा चाकं, पाण्याच्या टाक्या दोन्ही बगलांना, आणि पुढच्या-मागच्या चाकांना क्लिन-लिंडनर पद्धतीचा आस. म्हणजे पोकळ आसाच्या पोटात दुसरा भरीव आस. आतला आस चौकटीत पक्का, बाहेरच्या दांड्या त्यालाच फिरवणार. बाहेरचा पोकळ आस, ज्याच्यावर चाकं, तो मधल्या गोल सांध्यावर डुलू शकणारा. वळण आलं की चाकांची जोडी स्वतःच तिरकी होते आणि जोर मात्र सुटत नाही.

ही गाडी डोंगर कशी चढली, याचं उत्तर त्या सहा चाकांत आहे. चार चाकांचं इंजिन लावलंत की उत्तर गेलंच, प्रश्नसुद्धा गेला. उरलं काय? माकडं आणि लाल माती. दार्जिलिंगचं एक बी वर्गाचं इंजिन पुढे बऱ्याच वर्षांनी नेरळला आणलं गेलं, हे खरं आहे. मग पाटीवर तेव्हाचं साल लिहा, माझी काही हरकत नाही. पण 1907 लिहायचं, रेल्वे उभारणाऱ्याचं नावही घालायचं नाही, इंजिनही दुसऱ्या डोंगरावरचं घ्यायचं, मग त्यात माथेरानचं उरलं काय?

मुंबईच्या पहिल्या गाडीचं तर विचारूच नका. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 14 डबे, 400 पाहुणे, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी नावं सांगितली जाणारी तीन इंजिनं. जीआयपी रेल्वेची ही पहिली इंजिनं इंग्लंडातल्या व्हल्कन फाउंड्रीची. पुढे दोन लहान चाकं आणि मागे जोडलेली चार मोठी. त्यांतलं एकही आज उरलेलं नाही. उरलं आहे ते 'फेअरी क्वीन', 1855 मध्ये लीड्सला बांधलेलं, कोलकात्याकडच्या ईस्ट इंडियन रेल्वेचं, मधे मोठ्या चाकांची एकच जोडी असलेलं. जे उरलं तेच सगळ्यांना माहीत, म्हणून त्याचा चेहरा 1853 च्या गाडीला चिकटवतात. शाळेच्या भिंतीपासून वाढदिवसाच्या केकपर्यंत मी तो पाहिला आहे. कंपनी वेगळी, प्रांत वेगळा, दोन वर्षं नंतरचं इंजिन. फ्लाइंग स्कॉट्समनचं मॉडेल चुकलं तर निदान खरं इंजिन आणि हजारो फोटो चूक दाखवायला शिल्लक आहेत. इथे मूळच नाहीसं झालंय. मूळ नसताना मॉडेल हाच पुरावा होतो, आणि पुढच्या पिढीचा मुलगा त्यावरूनच चित्र काढतो. म्हणून मूळ जितकं दूर, तितकी मॉडेल करणाऱ्याची जबाबदारी जास्त. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. मूळ उरलं नाही ना, मग हवं ते करा.

आपल्या डब्ल्यूपी इंजिनाची मॉडेलं करणाऱ्या हौशी मंडळींबद्दल मला आपुलकी आहे. टोकदार नाकाचं, नाकावर चांदणी असलेलं ते इंजिन, 755 बांधली गेली, माझ्या लहानपणीच्या प्रत्येक लांबच्या प्रवासाच्या पुढे तेच असायचं. पण ते 1:87 मध्ये करून बाजारात मिळणाऱ्या 16.5 मिमीच्या रुळांवर उभं करतात. भारतातला ब्रॉडगेज 1676 मिमीचा. या प्रमाणात त्याला 19.3 मिमी हवेत. 4 मिमीच्या प्रमाणात केलंत तर बरोबर 22 मिमी, गोळाबेरीज आकडा, जणू आपल्यासाठीच ठरवलेला. तो रुंद, ऐसपैस पाया हेच तर आपल्या इंजिनांचं वेगळेपण. रूळ स्वतः घालायचे कष्ट सगळ्यांना जमणार नाहीत, कबूल. मग पाटीवर एक ओळ लिहा: रूळ प्रत्यक्षापेक्षा अरुंद.

मागणी एवढीच आहे आणि ती फुकटात होण्यासारखी आहे. प्रत्येक खोक्यावर, प्रदर्शनातल्या प्रत्येक पाटीवर तीन गोष्टी लिहा. हे मॉडेल कोणत्या वर्षीचं इंजिन दाखवतं. माप कशावरून घेतलं, कारखान्याच्या आराखड्यावरून, फोटोवरून, की आज उभ्या असलेल्या इंजिनावरून. आणि कुठे जाणूनबुजून बदल केला. 4472 च्या खोक्यावर '1963 नंतरचं रूप' एवढे शब्द छापले तर विक्री पडेल असं मला वाटत नाही. पडलीच तर इतकी वर्षं नेमकं काय विकलं जात होतं तेही कळेल. आणि 1853 च्या गाडीचं मॉडेल कुणी करत असेल तर त्यानं इंजिन व्हल्कनच्या साच्याचं करावं, चाकं दोन अधिक चार मोजून घ्यावीत, आणि जिथे रंगाचा पुरावा मिळत नाही तिथे पाटीवर सरळ लिहावं: रंग अंदाजाने.